हाय अवेलेबिलिटी क्लस्टर उभारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा क्लस्टर (एक मशीन पडलं तरी सेवा चालू राहावी म्हणून जोडलेला मशीनचा संच) उभारणारे लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं मुख्यतः लिनक्सवरच्या पेसमेकर (कोणती सेवा कुठे चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (मशीनमधला संपर्क सांभाळणारा) या जोडीला धरून दिली आहेत, कारण माझं बहुतेक काम त्यांच्यावरच झालं. साधनं दुसरी असली तरी अडचणी त्याच असतात.

"चार नाइन, पाच नाइन" म्हणतात ते प्रत्यक्षात किती?

सेवा किती टक्के वेळ चालू असते, त्या आकड्यातले नऊ मोजायचे. 99 टक्के म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त वेळ सेवा बंद. 99.9 म्हणजे पावणेनऊ तास. 99.99 म्हणजे साडेबावन्न मिनिटं आणि 99.999 म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटं, तीही अख्ख्या वर्षात मिळून. सव्वापाच मिनिटांत झोपलेला माणूस उठून, लॅपटॉप उघडून, व्हीपीएन जोडून लॉग वाचायला लागेपर्यंतच वेळ संपतो. म्हणून पाच नाइनचं आश्वासन देणाऱ्याने माणसाच्या भरवशावर राहू नये.

आणखी एक हिशोब मांडून बघा. एका विनंतीच्या वाटेत एकामागोमाग पाच घटक असतील (फायरवॉल, लोड बॅलन्सर, अ‍ॅप, डेटाबेस, स्टोरेज) आणि प्रत्येक घटक 99.9 टक्के वेळ चालू असेल, तर एकूण सेवा 99.5 टक्क्यांवर येते. म्हणजे वर्षाला जवळपास 44 तास. यातला एकच घटक दुहेरी केला तर फारसा फरक पडत नाही.

दोन सर्व्हर घेतले की झालं ना?

नाही. दोन्ही एकाच रॅकमध्ये, एकाच स्विचवर आणि एकाच पॉवर स्ट्रिपवर असतील तर दोन्ही एकाच वेळी बंद पडतील. आणि नुसतं दुसरं मशीन आणणं हे या कामातलं सोपं टोक आहे. पहिलं मशीन खरोखर थांबलंय याची खात्री दुसऱ्याला कशी पटवायची, ते अवघड टोक. पुढची बरीचशी उत्तरं त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आम्हाला खरंच क्लस्टर लागतो का?

अर्धा तास सेवा बंद राहिली तर काय नुकसान होईल, ते आधी लिहून काढा. "थोडी गैरसोय" एवढंच उत्तर असेल, तर एक चांगलं मशीन, रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) लावलेल्या डिस्क, दोन पॉवर सप्लाय, रोजचा बॅकअप आणि तो परत आणण्याचा सराव एवढं पुरे. अर्धवट समजलेला क्लस्टर एकट्या मशीनपेक्षा जास्त वेळा पडतो, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि तो पडतो तेव्हा दुरुस्त करायलाही जास्त वेळ लागतो.

कोरम म्हणजे काय? किती नोड असावेत?

कोरम म्हणजे बहुमत. एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं ज्या गटाकडे आहेत, त्यालाच सेवा चालवण्याचा अधिकार. नोड म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन. तीन नोडना दोन मतं लागतात, पाचांना तीन. चार नोडनाही तीन मतं लागतात. म्हणजे चौथा नोड घेऊनही बिघाड एकाच नोडचा सोसता येतो, तीन असताना होता तेवढाच. म्हणून संख्या विषम ठेवतात. पेसमेकरमध्ये बहुमत गमावलेला गट आपल्या सेवा आपणहून थांबवतो. ही वागणूक योग्यच आहे, ती सेटिंग बदलून "दुर्लक्ष करा" असं करू नका.

आमच्याकडे दोनच मशीन आहेत. मग?

चालतं, पण सावधपणे. दोघांतला एक गेला की बहुमत उरतच नाही, म्हणून कोरोसिंकमध्ये दोन नोडसाठी वेगळी सेटिंग आहे. ती लावली की एकट्या नोडलाही कोरम मिळतो. तिच्याबरोबर "सगळ्यांची वाट पाहा" हा नियमही आपोआप लागू होतो: पूर्ण बंद अवस्थेतून उठलेला नोड दुसऱ्याला एकदा पाहिल्याशिवाय सेवा सुरू करत नाही. हा नियम काढू नका. तो नसेल तर जोडणी तुटल्यावर पहिला नोड दुसऱ्याला रीबूट करतो, दुसरा उठून पहिल्याला रीबूट करतो, आणि हे चक्र चालूच राहतं.

जोडणी तुटली की दोघेही एकाच क्षणी एकमेकांना बंद करायला धावतात. नशीब वाईट असेल तर दोघेही बंद होतात. उपाय असा: जो नोड वाचायला हवा, त्याला बंद करणाऱ्या फेन्सिंग उपकरणावर (नोडची वीज तोडणारं साधन, त्याबद्दल पुढे) काही सेकंदांचा उशीर लावायचा. दुसऱ्याला तो उशीर मिळत नाही, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला असतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे तिसरं मत. क्यूडिव्हाइस नावाची सोय आहे. एखाद्या लहानशा तिसऱ्या मशीनवर क्यूनेटडी चालवायचं (टीसीपी पोर्ट 5403), आणि तेवढ्यावर तिसरं मत मिळतं. ते मशीन या दोघांच्या रॅकमध्ये मात्र ठेवू नका.

स्प्लिट ब्रेनची भीती खरी आहे की पुस्तकी?

खरी आहे. संपर्क तुटल्यावर दोन्ही नोड स्वतःलाच मालक समजून काम करू लागतात, ते स्प्लिट ब्रेन. मी या कामात नवा असताना दोन नोडचा फाइल सर्व्हर उभारला होता. स्टोरेज सामायिक, त्यावर साधी एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम. फेन्सिंग लावताना एरर येत होती म्हणून ते "नंतर बघू" म्हणत बंद ठेवलं. एका रात्री नोडमधल्या संपर्काचा स्विच अपडेटसाठी काही मिनिटं बंद झाला. स्टोरेजची फायबर जोडणी वेगळी होती, ती चालूच राहिली. दुसऱ्या नोडला पहिला दिसेना, म्हणून त्याने तो मेला असं धरलं आणि तोच व्हॉल्यूम माउंट केला. पहिला तर लिहीतच होता. वेगळी सोय चालू केली नसेल तर एक्स्ट-फोरला आपल्यावर दोन मालक बसलेत हे कळत नाही.

सकाळी लोकांना आपल्या फायलींमध्ये दुसऱ्यांचा मजकूर दिसायला लागला. फाइल सिस्टिमची तपासणी चालवल्यावर "लॉस्ट अँड फाउंड" फोल्डरमध्ये हॅशच्या चिन्हापुढे नुसता आकडा असलेल्या फायलींची रांगच लागली. नाव नाही, फोल्डर नाही. एकेक उघडून, आत काय आहे ते वाचून, ही कोणाची असेल याचा अंदाज बांधत तीन दिवस बसलो. बॅकअपमधून बरंच परत आलं, पण त्या एका दिवसाचं काम गेलं ते गेलंच. सेवा बंद पडून दोन तास गेले असते तर लोक चिडले असते आणि विसरले असते.

म्हणजे फेन्सिंग बंद ठेवून चालणारच नाही?

नाही. सामायिक डेटा असेल तर मुळीच नाही. फेन्सिंग म्हणजे संशयित नोडची वीज तोडून किंवा त्याचा स्टोरेजशी संबंध तोडून तो आता काहीही लिहू शकणार नाही याची खात्री करणं. लिनक्सच्या जगात याला स्टोनिथ म्हणतात.

कारण साधं आहे. जो नोड उत्तर देत नाही तो मेलाच असेल असं नाही. कर्नल अडकलेला असेल, डिस्कची वाट पाहत असेल, व्हर्च्युअल मशीन स्नॅपशॉटसाठी गोठवलेलं असेल. चाळीस सेकंदांनी ते जागं होतं आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढे लिहायला लागतं. मधल्या काळात जगात काय घडलं याची त्याला गंधवार्ता नसते. पेसमेकरमध्ये फेन्सिंग मुळात चालूच असतं. ते बंद करण्याची ओळ बऱ्याच नवशिक्या लेखांत पहिल्या पानावर असते. ती ओळ फक्त प्रयोगशाळेपुरती आहे. ती लावली की न दिसणारा नोड सुरक्षितपणे बंद झाला असं क्लस्टर डोळे मिटून मानतो.

फेन्सिंगचा आणखी एक उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही. एखादी सेवा थांबवण्याचाच आदेश फसला, उदाहरणार्थ डिस्क अनमाउंट होत नाही, तर ती दुसरीकडे सुरू करणं धोक्याचं असतं. अशा वेळी तो नोड फेन्स करणं हाच सुरक्षित मार्ग उरतो, आणि पेसमेकर तेच करतो.

फेन्सिंगसाठी काय वापरावं?

बहुतेक सर्व्हरमध्ये आयपीएमआय, आयड्रॅक किंवा आयएलओ असतं. मदरबोर्डवरचा तो छोटा वेगळा कंप्युटरच, त्यालाच वीज बंद करायला सांगायचं. पण यात एक फट आहे. एका क्लस्टरची चाचणी घेताना मी चालू नोडच्या दोन्ही पॉवर केबल काढल्या. अपेक्षा होती की अर्ध्या मिनिटात सेवा दुसरीकडे सुरू होईल. काहीच झालं नाही. लॉगमध्ये फेन्सिंग फसल्याची तीच ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली. सर्व्हरची वीज गेली तशी त्या आयपीएमआयचीही गेली होती, त्यामुळे "बंद केलं" असं उत्तर द्यायला कोणी उरलंच नव्हतं. आणि उत्तर मिळत नाही तोवर क्लस्टर हलायला तयार नव्हता, तो बरोबरच होता.

म्हणून दोन पातळ्या लावा: आधी आयपीएमआय, ते फसलं तर पीडीयू, म्हणजे रॅकमधली नेटवर्कवरून चालू-बंद करता येणारी वीजपट्टी. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही सॉकेट आधी बंद व्हायला हवेत आणि मगच चालू. एक बंद-चालू, मग दुसरं बंद-चालू असं केलं तर सर्व्हर क्षणभरही बंद होत नाही.

पीडीयू नसेल तर एसबीडी. सामायिक डिस्कच्या एका छोट्या तुकड्यावर "तू आता थांब" असा निरोप लिहिला जातो, आणि तो वाचणारा नोड हार्डवेअर वॉचडॉगच्या (वेळेत संकेत आला नाही तर मशीन रीसेट करणारं घड्याळ) मदतीने स्वतःला रीसेट करतो. वॉचडॉग खराखुरा हवा. सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग कर्नलवरच चालतो, त्यामुळे कर्नल अडकला की तोही अडकतो.

व्हर्च्युअल मशीन असतील तर हायपरवायझरकडून (ती मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) फेन्स करा, आणि दोन्ही मशीन एकाच होस्टवर जाणार नाहीत असा नियम लावा. प्रत्यक्ष सर्व्हरवर पॉवर बटणाची हळुवार शटडाउनची वागणूकही बंद करा. नाहीतर फेन्सिंगचा आदेश आल्यावर सर्व्हर शिस्तीत एकेक सेवा बंद करत बसतो आणि तेवढा वेळ सगळे खोळंबतात.

नेटवर्कसाठी काय काळजी घ्यावी?

नोडमधल्या संपर्काला किमान दोन स्वतंत्र वाटा द्या, दोन वेगळ्या स्विचमधून. कोरोसिंक 3 मध्ये अशा आठ वाटांपर्यंत सोय आहे. नोडची नावं डीएनएसवर सोडू नका, प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा. डीएनएस पडलं म्हणून क्लस्टर पडला असं होऊ नये. घड्याळं क्रोनी या प्रोग्रामने जुळवून ठेवा, नाहीतर दोन नोडचे लॉग शेजारी ठेवून वाचताना डोकं फिरतं.

टोकनची मुदत म्हणजे नोडकडून किती वेळ संकेत आला नाही की तो गेला असं धरायचं. ती कमी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. नव्या कोरोसिंकमध्ये ती मुळात 3 सेकंद असते, पूर्वी 1 सेकंद होती. ती आणखी खाली आणून फेलओव्हर (सेवा दुसऱ्या नोडवर हलणं) वेगवान होईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात रात्रीच्या बॅकअपच्या ताणात एखादा निरोगी नोड विनाकारण मारला जातो. मुदत वाढवण्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

डेटा दोन्हीकडे कसा ठेवायचा?

एक मार्ग सामायिक स्टोरेजचा. मग ते स्टोरेजच एकाकी कमकुवत जागा नाही ना, ते बघावं लागतं. दुसरा मार्ग डीआरबीडीसारखा: एका मशीनच्या डिस्कवरचं लेखन नेटवर्कवरून दुसऱ्याच्या डिस्कवर. डीआरबीडी लिनक्स कर्नलमध्ये 2.6.33 आवृत्तीपासून, म्हणजे 2010 पासून आहे. त्यातला प्रोटोकॉल सी दोन्ही डिस्कवर लेखन पोचल्यावरच "झालं" म्हणतो. प्रोटोकॉल एमध्ये लेखन आपल्या डिस्कवर गेलं आणि नेटवर्कच्या बफरमध्ये पडलं की काम झालं असं धरतात. ते वेगवान असतं, पण त्या क्षणी मशीन गेलं तर बफरमधलं लेखनही गेलं. फेलओव्हरसाठी सी घ्या.

अंतराचा हिशोब विसरू नका. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो. शंभर किलोमीटरवरच्या जोडीदाराची पोच मिळायला प्रत्येक लेखनामागे किमान एक मिलिसेकंद लागणारच, कितीही महागडं उपकरण लावलं तरी.

पोस्टग्रेससाठीही पेसमेकरच वापरू का?

वापरता येतो, पण आज मी पॅट्रोनी सुचवेन, हे पोस्टग्रेसचा प्रमुख नेमणारं साधन. त्याच्यामागे एटसीडी (बहुमताने चालणारा छोटा डेटासाठा) असतं, तीन किंवा पाच नोडचं, आणि "प्रमुख कोण" याची एकच चावी तिथे ठेवलेली असते. चावीची मुदत मुळात 30 सेकंद. प्रमुखाला ती वेळेत नवी करता आली नाही तर तो आपणहून पायउतार होतो.

सिंक्रोनस प्रतिकृती (प्रत पोचल्यावरच लेखन पूर्ण मानणारी) लावताना एकच स्टँडबाय, म्हणजे प्रत ठेवणारा सर्व्हर, ठेवू नका. तो बंद पडला की प्रमुखावरची प्रत्येक कमिट त्याच्या पोचेची वाट पाहत राहील. दोन स्टँडबाय ठेवून "यांतल्या कोणत्याही एकाची पोच पुरे" असं सांगता येतं, ही सोय पोस्टग्रेस 10 पासून आहे.

लोड बॅलन्सरसाठी कीपअलाइव्हडी पुरेल का?

हो. त्यातला प्रमुख दर सेकंदाला आपण जिवंत असल्याची घोषणा करतो. तीन घोषणा चुकल्या की दुसरा सेवेचा सामायिक आयपी स्वतःकडे घेतो. पण यात कोरम नाही आणि फेन्सिंगही नाही, त्यामुळे संपर्क तुटला तर दोघेही प्रमुख होतात. एचएप्रॉक्सीसारख्या, स्वतःकडे डेटा न ठेवणाऱ्या सेवेला ते परवडतं. डेटाबेसला परवडत नाही.

फेलओव्हरला किती वेळ लागतो?

बिघाड ओळखायला काही सेकंद, फेन्सिंगची पोच मिळायला काही सेकंद ते अर्धा मिनिट, डिस्क माउंट व्हायला थोडा वेळ. खरा वेळ पुढे जातो. अचानक मेलेला डेटाबेस उठताना शेवटच्या चेकपॉइंटपासूनचे (तोवरचं सगळं डिस्कवर लिहून झाल्याची खूण) लॉग पुन्हा चालवतो, त्याला मिनिटं लागू शकतात.

त्याहून वाईट म्हणजे क्लायंट. अ‍ॅप्लिकेशनने क्वेरी पाठवली, ती पोचली, आणि उत्तर यायच्या आत समोरचं मशीन गेलं. आता क्लायंटकडे पुन्हा पाठवण्यासारखं काहीच नाही, तो नुसता ऐकत बसतो. लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्हची (समोरचा जिवंत आहे का ते विचारण्याची सोय) पहिली तपासणी मुळात 2 तासांनी होते, तीही अ‍ॅप्लिकेशनने मागितली असेल तरच. क्लस्टरने वीस सेकंदांत काम उरकलेलं असतं आणि लोकांना मात्र स्क्रीनवर गोल फिरणारं चाक दिसत राहतं. कनेक्शन पूलची टाइमआउट, कीपअलाइव्ह आणि पुन्हा जोडण्याचा प्रयत्न या तीन गोष्टी अ‍ॅप लिहिणाऱ्यांबरोबर बसून ठरवा. क्लस्टरच्या कामाचा हा अर्धा भाग आहे, आणि तोच सहसा राहून जातो.

मूळ नोड परत आला की सेवा आपोआप तिकडे न्यावी का?

नको. परत नेणं म्हणजे आणखी एक खंड. आणि तो नोड पुन्हा पडला तर सेवा दिवसभर इकडून तिकडे नाचते. सेवेचा चिकटपणा (आहे त्याच नोडवर राहण्याचा कल) वाढवून ठेवा, कारण समजल्यावर आपल्या हाताने हलवा.

दोन डेटा सेंटरमध्ये क्लस्टर ताणावा का?

तिसरी जागा मतासाठी असेल आणि अंतर कमी असेल तर विचार करा. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क अवघे 43 सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या व्यवस्थेने डेटाबेसचे प्रमुख पश्चिम किनाऱ्यावर नेमले. पूर्वेकडे काही लेखनं अशी राहिली की जी पश्चिमेला पोचलीच नव्हती, आणि पश्चिमेने नवी लेखनं घ्यायला सुरुवात केली होती. घडी पुन्हा नीट बसायला 24 तास 11 मिनिटं लागली. लांब अंतरावर आपोआप बदल करण्यापेक्षा, तयार पण माणसाने निर्णय घेऊन सुरू करायचा दुसरा संच मला जास्त भरवशाचा वाटतो.

क्लस्टर आहे, मग बॅकअप कशाला?

कारण चुकून पुसलेली टेबल प्रतिकृतीवरही त्याच क्षणी पुसली जाते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये दुय्यम डेटाबेसऐवजी मुख्य डेटाबेसचं डेटा फोल्डर पुसलं गेलं. नेहमीचे बॅकअप फसत होते हे तेव्हा लक्षात आलं, आणि योगायोगाने घेतलेल्या सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर काम भागलं. दर महिन्याला बॅकअप प्रत्यक्ष परत आणून बघा.

कुबरनेटीस घेतलं तर या सगळ्यातून सुटका होते का?

कुबरनेटीस म्हणजे कंटेनरमधल्या सेवा अनेक मशीनवर चालवणारी व्यवस्था. डेटा नसलेल्या सेवांपुरती सुटका बऱ्याच अंशी होते. डेटा असलेल्या सेवेला तोच जुना प्रश्न पडतो. नोड दिसेनासा झाला की मुळात साधारण पाच मिनिटांनी त्यावरचे पॉड (चालू सेवांच्या प्रती) काढायची सुरुवात होते, पण स्टेटफुलसेटचा, म्हणजे डेटा असलेल्या सेवेचा, पॉड दुसरीकडे सुरू होत नाही. जुना खरंच थांबलाय हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. म्हणजे फेन्सिंग आलंच, फक्त नाव बदलून.

चाचणी कशी घ्यावी?

रीबूटचा आदेश देऊन घेतलेली चाचणी धरू नका. त्यात नोड सगळ्यांचा निरोप घेऊन जातो, खरा बिघाड तसा येत नाही. वीज तोडा. कर्नल मुद्दाम पाडा. स्टोरेजची केबल काढा. डिस्क शंभर टक्के भरा. नेटवर्क तोडायचं तर इंटरफेस खाली घेऊ नका, फायरवॉलने येणारे आणि जाणारे असे दोन्ही बाजूंचे पॅकेट अडवा. प्रत्येक वेळी घड्याळ लावा, काय अपेक्षित होतं आणि काय झालं ते लिहा. सेवेत घेण्याआधी हे सगळं करा, आणि नंतर दर मोठ्या बदलानंतर.

अपडेट कसे करावेत?

एका वेळी एक नोड. आधी तो स्टँडबायवर (म्हणजे त्यावर सेवा चालणार नाहीत), सेवा हलल्या का बघा, अपडेट, रीबूट, परत आत. दुसऱ्याला हात लावण्याआधी एक दिवस जाऊ द्या.

लक्ष कशावर ठेवावं?

सेवा चालू आहे का, एवढ्यावर थांबू नका. चांगल्या क्लस्टरमध्ये पहिला बिघाड कोणालाच जाणवत नाही, आणि म्हणूनच तो महिनोन्महिने तसाच पडून राहतो. दुसरी वाट तुटलेली, स्टँडबाय मागे पडलेला, फेन्सिंग उपकरणाचा पासवर्ड कोणीतरी बदललेला. या तिन्हींवर वेगळे अलार्म हवेत.

रात्री अलार्म वाजला आणि क्लस्टर मध्येच अडकलाय. आधी काय करू?

काहीही रीबूट करू नका. कोरम कोणाकडे आहे आणि फेन्सिंग कुठे अडकलंय, हे दोन बघा. फेन्सिंग फसल्यामुळे सगळं थांबलं असेल, तर "हा नोड बंद आहे, मी खात्री केली" असं क्लस्टरला हाताने सांगण्याचा एक आदेश असतो. तो दिला की सेवा लगेच सुरू होतात, म्हणून दमलेल्या माणसाचा हात आधी तिकडेच जातो. त्या आदेशाने मशीन बंद होत नाही. तुमच्या शब्दावर क्लस्टर विश्वास ठेवतो, एवढंच होतं. रॅकपाशी माणूस पाठवा, त्याला मशीनवरचा क्रमांक मोठ्याने वाचायला सांगा, केबल काढायला लावा, पंखे थांबल्याचं त्याच्या तोंडून फोनवर ऐका. मगच एंटर दाबा.